अडवलेल्या जहाजातील माणसे

हिंगोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. कयाधूला पूर आला की होडीची आठवण होते, एरवी नाही. येलदरी आणि सिद्धेश्वरचा जलाशय हेच आपल्याकडचे मोठे पाणी. अशा जिल्ह्यातल्या वाचकापुढे प्रवासी जहाजांवरील साथरोगांचा विषय मांडताना ‘हे आपल्याला कशाला?’ हा प्रश्न आधीच गृहीत धरायला हवा. त्याचे उत्तर २०२० सालात आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत जपानच्या किनाऱ्यावर अडवलेले एक जहाज आपण रोज दूरचित्रवाणीवर पाहत होतो. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गटात बंदोबस्ताहून परतलेल्या जवानांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. एकीकडे पाण्यावरचे जहाज, दुसरीकडे माळरानावरची छावणी. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. खूप माणसे एका छताखाली राहतात, एका स्वयंपाकघरातले जेवतात आणि एकाच वाटेने ये-जा करतात. त्यांच्यातल्या एकाला लागण झाली तर बाकीच्यांचे काय करायचे?

या प्रश्नाची दोन उत्तरे माणसाने फार पूर्वीपासून दिली आहेत. पहिले, दार लावून घ्या आणि आतल्यांना आतच ठेवा. दुसरे, जागा रिकामी करा आणि माणसांना मोकळ्यावर विखरून ठेवा. पहिल्याने बाहेरच्यांचे रक्षण होते, दुसऱ्याने आतल्यांचे. जहाजांवरील साथींचा इतिहास हा बव्हंशी पहिल्या उत्तराचा इतिहास आहे. त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

चाळीस दिवस

सध्याच्या दुब्रोव्हनिक या शहराचे जुने नाव रागुझा. तिथल्या नगरसभेने १३७७ साली प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना शहरात येण्यापूर्वी तीस दिवस बाहेर थांबणे बंधनकारक केले. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून ‘क्वारंटीन’ हा शब्द आला. व्हेनिसने १४२३ साली एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचे रुग्णालय उभारले. जंतू कोणाला ठाऊक नव्हते. हिशेब अगदी साधा होता. एवढ्या दिवसांत आजारी माणूस बरा तरी होईल किंवा मरेल तरी. उरलेला निर्धोक समजायचा.

मराठीत आज आपण दोन शब्द वापरतो आणि बहुधा त्यांची गल्लत करतो. आजारी माणसाला निरोग्यांपासून दूर ठेवणे म्हणजे विलगीकरण. आजारी नसलेल्या, पण लागण झाली असण्याची शंका असलेल्या माणसाला ठरावीक मुदत वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. शब्दांचा हा नुसता कीस नाही. अलगीकरण योग्य व्हायचे तर प्रत्येक संशयित दुसऱ्या संशयितापासूनही वेगळा हवा. शंभर संशयित एका दालनात कोंडले तर त्यांतल्या एकाचा रोग उरलेल्या नव्व्याण्णवांना देण्याची व्यवस्थाच आपण करून ठेवतो. जहाजाच्या बाबतीत हीच चूक शतकानुशतके झाली, कारण जहाज हे एक आयते बेट वाटते. ते बंदराबाहेर नांगरले की झाले, असा समज.

जहाजांच्या निशाणांत एक पिवळे निशाण आहे. पूर्वी पिवळा रंग जहाजावरच्या साथीची खूण मानला जाई. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत एकरंगी पिवळ्या निशाणाचा अर्थ मात्र ‘माझे जहाज निरोगी आहे, बंदरात येण्याची परवानगी द्या’ असा आहे. अर्थ उलटला, तरी एक गोष्ट बदलली नाही. जहाजाने आधी आपली प्रकृती सांगायची आणि मग किनाऱ्याने दार उघडायचे.

मुंबई बंदर : अडवणारे आणि अडवले गेलेले

जहाज आणि साथ यांचा मराठी मुलखाशी आलेला संबंध मुंबई बंदरातून आला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचे मुंबई हे मोठे बंदर होते. दख्खनमधले, निजामाच्या राज्यातले यात्रेकरूही इथूनच जहाज धरत. १८६५ साली मक्केत पटकीची भीषण साथ आली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. त्यानंतर १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या यात्रेकरू-जहाजांवर जगाची नजर खिळली. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर १८८२ पासून ऑटोमन सरकारचे अलगीकरण ठाणे सुरू झाले. हिंदुस्थानातून आलेल्या जहाजांना तिथे थांबावे लागे. उन्हाचा कडाका, पाण्याची टंचाई आणि वर द्यावा लागणारा कर यांमुळे यात्रेकरूंना कामरानची धास्ती वाटे.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याच जहाजांवर वरच्या वर्गाने जाणारे मोजके प्रवासी असत आणि खालच्या तळात दाटीने बसलेले शेकडो गरीब यात्रेकरू असत. साथ सुरू होई ती बहुधा तळातून, कारण तिथे हवा कमी, पाणी कमी आणि शौचकूप अपुरे. रोग गरिबांबरोबर येतो, असा निष्कर्ष त्यावरून काढला जाई. रोग दाटीतून येतो हे म्हणायला जागेचा हिशेब मांडावा लागला असता. कायद्याने यथावकाश तो मांडला आणि यात्रेकरू-जहाजांवर दर माणसी जागा, पाणी व वैद्य यांचे नियम आले, पण अंमलबजावणी ढिली राहिली.

मजुरांच्या जहाजांचे याहून वाईट झाले. मॉरिशसमध्ये आज जी मराठी वस्ती आहे, तिचे पूर्वज कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेले. त्याच मॉरिशसच्या किनाऱ्याबाहेर १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी आढळली. जहाजांवरच्या मजुरांना मुख्य बेटावर न उतरवता शेजारच्या गॅब्रिएल या उजाड बेटावर ठेवण्यात आले. निवारा नाही, पुरेसे पाणी नाही. दोनशेहून अधिक माणसे तिथेच दगावली. मुख्य बेटाला आपण वाचल्यासारखे वाटले. गॅब्रिएलवरच्या माणसांसाठी ते अलगीकरण नव्हते, ती शिक्षा होती.

मग सप्टेंबर १८९६ मध्ये पारडे फिरले. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि आजवर इतरांची जहाजे तपासणारी मुंबईच जगाच्या दृष्टीने संशयित ठरली. १८९७ साली व्हेनिसमध्ये केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, मुंबईहून हजला जाणे त्या वर्षी बंद करण्यात आले आणि हिंदुस्थान सरकारने साथरोग कायदा केला. पुढची हकिगत मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पुण्यातली घरझडती, अलगीकरणाच्या छावण्या आणि २२ जून १८९७ ची रँडवरील गोळी.

त्याच काळातल्या दोन गोष्टी मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे डॉ. वाल्देमार हाफकिन यांचे काम. त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. टोचलेले व न टोचलेले एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर होते, म्हणून दोहोंची तुलना करता आली आणि टोचलेल्यांत रोग व मृत्यू कमी दिसले. बंद जागा साथीला सोयीची असते, तशी ती साथ समजून घ्यायलाही उपयोगी पडते. पुढे हेच जहाजांच्या बाबतीत घडले.

दुसरी गोष्ट आपल्या खेड्यांतली आहे. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, हे प्लेगच्या काळात मराठी मुलखात सर्रास होत असे. पिसवा उंदरांकडून माणसाकडे रोग नेतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ साली प्रयोगाने दाखवले. पण उंदीर मेला की जागा सोडावी, हे शेतकऱ्याला अनुभवाने कळले होते. पुण्यात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना काढला तोही गावाबाहेर, ससाणे यांच्या माळावर. तिथेच रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लष्करातही हीच रीत होती. बराकीत पटकी दिसली की पलटण बाहेर काढून मोकळ्या माळावर तंबूंत विखरायची, असे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले लष्करी धोरण होते. म्हणजे जमिनीवर माणसाने दुसरे उत्तर निवडले होते : जागा रिकामी करा. जहाजाला मात्र भोवती पाणी असल्यामुळे हे उत्तर किनाऱ्याच्या मर्जीवर राहिले.

तीन वाटा

आजचे प्रवासी जहाज म्हणजे तरंगते गाव आहे. तीन-चार हजार माणसे, दहा-बारा मजले, भोजनगृहे, नाट्यगृह, पोहण्याचे हौद. त्यात लागण प्रामुख्याने तीन वाटांनी फिरते.

पहिली वाट हात आणि अन्न यांची. प्रवासी जहाजांवर जुलाब-उलट्यांच्या ज्या साथी येतात, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी नोरोव्हायरस असतो. अगदी थोडे विषाणू पोटात गेले तरी लागण होते आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांत त्रास सुरू होतो. जिन्याचा कठडा, लिफ्टचे बटण, पंगतीतला वाढायचा डाव अशा शंभर हात लागणाऱ्या वस्तूंवरून तो पसरतो. या विषाणूवर सॅनिटायझर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी हेच खरे औषध, आणि पृष्ठभाग पुसायला क्लोरीनचे द्रावण. म्हणून साथ दिसताच जहाजावर पहिली गोष्ट करतात ती म्हणजे हाताने वाढून घेण्याची पद्धत बंद. डाव प्रवाशाच्या हातात न देता वाढप्याने वाढायचे. दुसरी गोष्ट, आजारी माणसाने खोलीतच राहायचे आणि लक्षणे थांबल्यावरही काही काळ बाहेर पडायचे नाही. आजारी स्वयंपाक्याला तर बरे वाटल्यावरही निदान दोन दिवस स्वयंपाकघराबाहेर ठेवतात.

दुसरी वाट पाण्याच्या तुषारांची. लिजिओनेला नावाचा जीवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९४ साली न्यूयॉर्क आणि बर्म्युडा यांच्यामध्ये फिरणाऱ्या एका जहाजाच्या नऊ फेऱ्यांमध्ये मिळून ५० प्रवाशांना हा न्यूमोनिया झाला. प्रवासी घरी गेल्यावर आजारी पडत, म्हणून दुवा जुळायला वेळ लागला. शेवटी कारण सापडले ते गरम पाण्याच्या हौदाच्या वाळूच्या गाळणीत.

तिसरी वाट हवेची. गोवर, फ्लू, कोरोना. बंद खोल्या, अरुंद बोळ आणि एकत्र जेवणे यांमुळे ती जहाजावर सर्वांत वेगवान असते आणि आवरायला सर्वांत कठीण.

पहिल्या दोन वाटांवर नियमांनी बराच ताबा मिळवला आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७५ साली जहाजांच्या आरोग्य-तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. पूर्वसूचना न देता तपासनीस येतात, स्वयंपाकघरापासून पाण्याच्या टाक्यांपर्यंत पाहतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८६ च्या खाली गुण मिळाले तर जहाज नापास, आणि निकाल सर्वांसाठी खुला. किती जणांना जुलाब झाले हे जहाजाने बंदरात येण्यापूर्वी कळवायचे. प्रवाशांत किंवा कर्मचाऱ्यांत हे प्रमाण तीन टक्क्यांवर गेले की ती साथ म्हणून जाहीर होते. आकडा लपवणाऱ्याला तोटा आणि सांगणाऱ्याला मदत, अशी रचना असेल तरच आकडे खरे येतात.

योकोहामा, फेब्रुवारी २०२०

तिसऱ्या वाटेचा धडा ‘डायमंड प्रिन्सेस’ने शिकवला. २० जानेवारी २०२० रोजी योकोहामाहून निघालेल्या या जहाजातून एक प्रवासी २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरला. त्याला कोरोना असल्याचे १ फेब्रुवारीला निश्चित झाले. ३ फेब्रुवारीला जहाज योकोहामाला परतले. जहाजावर एकूण ३,७११ माणसे होती. ५ फेब्रुवारीच्या सकाळपासून प्रवाशांना आपापल्या खोल्यांत राहण्यास सांगण्यात आले, १९ तारखेपर्यंत. अखेरचा हिशेब असा : ७१२ जणांना लागण, किमान १३ मृत्यू. बाधितांपैकी जवळजवळ निम्म्यांना तपासणीच्या वेळी कसलीही लक्षणे नव्हती. लक्षणाविना लागण किती असते, याचा जगाला मिळालेला पहिला भरवशाचा अंदाज याच जहाजाने दिला, कारण इथे सर्वांची तपासणी झाली होती.

हे अलगीकरण किती यशस्वी झाले? जपानच्या संसर्गरोग संस्थेच्या अभ्यासात दिसले की प्रवाशांमधली बरीच लागण ५ तारखेच्या आधीच होऊन गेली होती आणि खोल्यांत बसवल्यावर ती उतरणीला लागली. दार लावण्याचा उपयोग झाला, पण तो खोलीच्या दाराचा. कर्मचाऱ्यांना ते दार नव्हते. हजारांवर कर्मचारी प्रवाशांच्या खोल्यांत तीन वेळा जेवण पोहोचवत होते, भांडी घासत होते, दोघे-दोघे एका खोलीत झोपत होते आणि आपल्या भोजनगृहात एकत्र जेवत होते. ९ फेब्रुवारीपर्यंत ज्या २० कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे सिद्ध झाले, त्यांतले १५ जण अन्नसेवेतले होते आणि २० पैकी १६ जणांच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. अन्नसेवेतले कर्मचारी राहत तो हाच मजला. प्रवाशांचे अलगीकरण ज्यांच्या श्रमावर उभे होते, त्यांचे अलगीकरण झालेच नव्हते.

कोबे विद्यापीठातील संसर्गरोगांचे प्राध्यापक केंतारो इवाता १८ फेब्रुवारीला जहाजावर जाऊन आले आणि त्यांनी जाहीरपणे सांगितले की, स्वच्छ विभाग कुठे संपतो आणि दूषित विभाग कुठे सुरू होतो, हेच जहाजावर कळत नव्हते. जपानी अधिकाऱ्यांनी आपली बाजू मांडली, वाद झाला. पण रुग्णालयात पाळला जाणारा हा साधा नियम जहाजावर पाळणे किती अवघड आहे, एवढे त्यातून उघड झाले. स्वीडनच्या उमेआ विद्यापीठातील योआकिम रॉकलोव्ह व सहकाऱ्यांनी गणिताने अंदाज मांडला : काहीच उपाय केला नसता तर जहाजावरच्या सुमारे ७९ टक्के माणसांना लागण झाली असती, आणि ३ फेब्रुवारीलाच सगळ्यांना उतरवून वेगवेगळे ठेवले असते तर बाधितांचा आकडा ७६ च्या आसपास राहिला असता. गणिताचे अंदाज शब्दशः घेऊ नयेत. तरी दिशा स्पष्ट आहे. उंदीर पडल्यावर रानात जाणाऱ्या आपल्या पणजोबांचीही दिशा हीच होती.

जहाजावर १३८ भारतीय होते; त्यांतले १३२ कर्मचारी आणि अवघे ६ प्रवासी. या एका प्रमाणात पर्यटन-जहाजांच्या अर्थव्यवस्थेतली आपली जागा दिसते. भारतीय कर्मचाऱ्यांनी चित्रफितींतून मायदेशाला हाक दिली. १६ भारतीयांना लागण झाली आणि त्यांच्यावर जपानमध्येच उपचार झाले. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ भारतीय आणि ५ परदेशी नागरिक दिल्लीला आले व मानेसरच्या लष्करी केंद्रात चौदा दिवस राहिले. प्रवासी आधी उतरले होते, कर्मचारी शेवटी.

दार कोण उघडणार?

त्याच महिन्यात ‘वेस्टरडॅम’ नावाचे दुसरे जहाज समुद्रात दाराशोध करत फिरत होते. फिलिपीन्स, तैवान, जपान, ग्वाम, थायलंड यांनी त्याला नकार दिला. १३ फेब्रुवारीला कंबोडियाने सिहानूकव्हिल बंदरात त्याला जागा दिली. ज्याच्या भीतीने दारे बंद झाली, ती साथ त्या जहाजावर नव्हतीच. याउलट १९ मार्चला सिडनीत ‘रुबी प्रिन्सेस’मधून सुमारे २,६५० प्रवासी तपासणीच्या निकालाची वाट न पाहता उतरवले गेले आणि देशभर पांगले. त्यांच्यातल्या सहाशेहून अधिक ऑस्ट्रेलियन प्रवाशांना लागण झाली आणि २८ मृत्यू या जहाजाशी जोडले गेले. उतरवणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हा या घटनेचा अर्थ. रानात गेलेले गावही दुसऱ्या गावात पाहुणे म्हणून जात नसे.

जागतिक आरोग्य नियमावली, जी २००५ साली सुधारली गेली, या बाबतीत स्पष्ट आहे. आरोग्याच्या कारणाने जहाजाला बंदर नाकारू नये. बंदराकडे सोयी नसतील तर जहाजाला सोयी असलेल्या जवळच्या बंदराकडे पाठवावे. प्रत्येक जहाजाकडे सहा महिने मुदतीचे आरोग्य-स्वच्छता प्रमाणपत्र असावे आणि कप्तानाने आजाऱ्यांची माहिती आधी द्यावी. आपल्याकडे हे काम मुंबईसह मोठ्या बंदरांवरचे बंदर आरोग्य अधिकारी पाहतात. नियम चांगला आहे. पण नियम मोडणाऱ्या देशाला दंड नाही, म्हणून भीती वाढली की तो कागदावर राहतो.

आपल्या किनाऱ्याचीही परीक्षा झाली. गोव्यात घरटी एक तरी ‘तारवटी’ असावा अशी गावे आहेत. जहाजावरच्या पगारावर तिथली घरे उभी राहिली. २०२० च्या टाळेबंदीत परदेशी जहाजांवरचे आपले कर्मचारी मुंबईजवळच्या समुद्रात घराचा किनारा दिसत असूनही उतरू शकत नव्हते. २१ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयाने खलाशांच्या चढण्या-उतरण्याची कार्यपद्धती ठरवली, त्यानंतर ‘मारेला डिस्कव्हरी’वरचे दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले. तपासणी, अलगीकरण आणि मग घर, असा क्रम एकदा कागदावर आला की दार उघडते, हे तेव्हा दिसले.

तरीही जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला नववर्षासाठी गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर एका कर्मचाऱ्याला लागण आढळली, तेव्हा पुन्हा ओढाताण झालीच. दोन हजारांच्या आसपास माणसांची मुरगाव बंदरात तपासणी झाली आणि ६६ जण बाधित निघाले. त्यांना उतरवायचे कुठे, हा प्रश्न मार्गी लागेना. शेवटी जहाज मुंबईला परत पाठवले गेले. मुंबईतल्या फेरतपासणीत आणखी शंभराहून अधिक बाधित सापडले. दोन बंदरांमधले अंतर एका रात्रीचे. पण त्या एका रात्रीत बाधित आणि निरोगी एकाच जहाजात होते.

माळावरचे जहाज

आता पुन्हा हिंगोलीकडे येऊ. हे गाव बंद वस्तीला नवखे नाही. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही नावे तिचीच आठवण. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ इथे आहे. एप्रिल २०२० मध्ये मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्ताहून परतलेल्या जवानांना अलगीकरणात ठेवून तपासले, तेव्हा बाधित सापडू लागले. मेच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्यातल्या बाधितांत बहुसंख्य हे जवानच होते. आकडा पाहून जिल्हा हादरला. पण तो आकडा दोन गोष्टी सांगत होता. बंदोबस्तावर असताना एकत्र राहणे, एका गाडीतून फिरणे, एका ठिकाणी जेवणे यांतून लागण झाली होती. आणि परतल्यावर घरोघरी जाण्याआधीच तपासणी झाल्यामुळे ती आकड्यांत दिसत होती. न तपासलेली साथ शून्य दिसते, तिला घाबरायला हवे.

छावणी हे एक उदाहरण झाले. आपल्या जिल्ह्यात अशी ‘जहाजे’ अनेक आहेत. कळमनुरी भागातल्या आश्रमशाळा, शहरातली मुला-मुलींची वसतिगृहे, हळदीच्या हंगामात वसमतच्या बाजारात राहणारे हमाल, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड टोळ्या आणि आषाढीला नर्सीहून निघणारी दिंडी. वारीच्या वाटेवर पटकीची भीती पूर्वीच्या पिढ्यांनी अनुभवली आहे. २०२० साली तर मानाच्या पालख्या एसटीच्या गाड्यांतून पंढरपूरला न्याव्या लागल्या. या प्रत्येक ठिकाणी पाण्याची टाकी एक, स्वयंपाकघर एक आणि झोपायची जागा दाटीची.

जहाजांनी शिकवलेले तिथे जसेच्या तसे लागू पडते. पहिला रुग्ण सापडला त्या दिवशीच बाकीच्यांना पांगवण्यासाठी रिकाम्या खोल्या, शाळेचे वर्ग, मंगल कार्यालय यांची यादी हाताशी असावी. साथ आल्यावर ती करायला बसू नये. आजारी एका बाजूला, संशयित दुसऱ्या बाजूला आणि दोघांची वाट वेगळी. जुलाब-उलट्या असतील तर साबण, क्लोरीन आणि उकळलेले पाणी; ताप-खोकला असेल तर उघड्या खिडक्या आणि मास्क. वसतिगृहातल्या मुलांना घाईने घरी पाठवले तर साथ पाच तालुक्यांत जाते, आणि कुलूप लावून ठेवले तर ती खोलीखोलीत फिरते. दोन्ही टाळायचे तर मधली जागा लागते, आणि ती जागा आधी ठरवलेली असावी लागते.

याशिवाय एक प्रश्न आहे, जो अधिकाऱ्यांनी, संस्थाचालकांनी आणि पालकांनीही अशा प्रत्येक ठिकाणी विचारायला हवा. साथीचे दिवस असोत वा नसोत, तपासणीच्या कागदावर त्याला सहसा रकाना नसतो. योकोहामाच्या बंदरात त्याचे उत्तर तिसऱ्या मजल्यावर होते आणि ते कळायला उशीर झाला. आश्रमशाळेत, छावणीत, दिंडीच्या मुक्कामी प्रश्न तोच आहे : सगळ्यांना जेवण वाढणारा माणूस रात्री कुठे झोपतो, आणि त्याला ताप आला तर त्याच्या जागी कोण वाढणार आहे?